कर्त्यानंतरचा श्वास



आमच्या इंग्रजीच्या सरांच्या वर्गात बसलेली पंधरावीस माणसे तरी मला समोर दिसत आहेत. त्यांना ती लाकडी पट्टी आठवत असेल. तिचा मार मला आठवत नाही, ठोके आठवतात. सर इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचून घ्यायचे. स्वल्पविराम आला की टेबलावर एक ठोका, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला चार. तेवढा वेळ थांबायचे. जो आधीच पुढे पळेल त्याने वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. निबंध लिहितानाही हाच हिशेब होता : मनात वाक्य म्हणा, जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे स्वल्पविराम द्या. हा नियम पदरात बांधून मी पुढे चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले. आणि मागच्या हिवाळ्यात न्यू जर्सीत, एडिसनला लेकीकडे गेले असताना सोळा वर्षांच्या नातीने तो वीस मिनिटांत मोडीत काढला.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, ‘कॉमा.’ पलीकडे जरा शांतता झाली. मग काळजीच्या सुरात प्रश्न आला, ‘कोमा म्हणजे वैद्यकीय विषय का, बाई?’ नाही. विषय टिकलीएवढाच आहे. अमेरिकेत कॉलेजात जाऊ पाहणारी मुले एसएटी नावाची परीक्षा देतात आणि तिच्यासाठी स्वल्पविरामाचे नियम अक्षरशः घोटतात. त्या घोटण्याबद्दल मला बोलायचे आहे. सरांच्या स्मृतिदिनी सरांचाच नियम चुकीचा ठरवायचा हे अवघड काम आहे, पण चूक सापडल्यावर ती फळ्यावर लिहायची हेही त्यांनीच शिकवले होते.

आधी परीक्षेची ओळख करून देते. ती आता संगणकावर होते. अमेरिकेत मार्च २०२४ पासून पूर्णपणे. भाषेचा एक विभाग, गणिताचा एक, मिळून १६०० गुण. भाषेचे प्रश्न ५४, सत्तावीस-सत्तावीसच्या दोन भागांत, प्रत्येक भागाला ३२ मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे यंत्र ठरवते. या ५४ प्रश्नांतले साधारण पाव प्रश्न प्रमाण इंग्रजीच्या शिस्तीचे असतात. त्यात क्रियापदाची रूपे येतात, सर्वनामे येतात, पण मुले ज्यांना घाबरतात ती विरामचिन्हे. एक छोटा उतारा, त्यात एक रिकामी जागा आणि खाली चार पर्याय. चारही पर्यायांत शब्द तेच, फरक फक्त चिन्हाचा. एकात स्वल्पविराम, एकात अर्धविराम, एकात अपसारणचिन्ह आणि एकात काहीच नाही.

ते ‘काहीच नाही’ फार वेळा बरोबर असते. माझी पहिली दांडी तिथेच उडाली.

उतारा सहारा वाळवंटातल्या चंदेरी मुंग्यांवर होता. भर दुपारी, बाकीचे जीव सावलीला पळतात तेव्हा या मुंग्या बाहेर पडतात, आणि त्यांच्या अंगावरचे बारीक केस ऊन परतवून लावतात. इंग्रजी वाक्य असे होते : भर दुपारी वाळवंटात बाहेर पडणाऱ्या त्या मुंग्यांचे अंग झाकणारे बारीक, चंदेरी केस, हा एवढा लांबलचक कर्ता, आणि मग रिकामी जागा, आणि मग ‘परतवतात’ हे क्रियापद. मी मनात वाक्य म्हटले. कर्ता संपेपर्यंत दम लागला. सरांची पट्टी वाजली. मी स्वल्पविरामावर बोट ठेवले.

‘आजी, राँग,’ नात म्हणाली. ‘कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा नाही येत. कधीच नाही.’

‘अगं, पण वाचणाऱ्याला श्वास नको घ्यायला?’

‘तो घेऊ दे ना. लिहायचा कशाला?’

या शेवटच्या प्रश्नाने मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. मग सरांचा नियम मुळात आला कुठून, याचा माग काढायला बसले. पाश्चात्त्य परंपरेत या चिन्हांचा उगमच वाचणाऱ्याच्या श्वासात आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या ॲरिस्टोफेनिसने मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी ओळीत तीन वेगवेगळ्या उंचींवर टिंबे द्यायची पद्धत काढली. ग्रीकमध्ये ‘कोम्मा’ म्हणजे कापलेला तुकडा. आधी ते नाव वाक्याच्या लहान तुकड्याचे होते, नंतर तुकडा दाखवणाऱ्या खुणेला चिकटले. आणि पट्टीचे ठोके थेट लिंडले मरेंच्या इंग्रजी व्याकरणात सापडले. ते १७९५ साली निघाले. स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम, त्याच्या दुप्पट पूर्णविराम, असा तालाचा हिशेब त्यात दिला आहे. सरांनी अपूर्णविराम गाळून तो आटोपशीर केला होता इतकेच. गंमत अशी की हे मरे जन्माने पेनसिल्व्हेनियाचे. पुढे इंग्लंडात गेले आणि यॉर्कच्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी ते व्याकरण लिहिले. त्या घराण्याचा ठोका कोणकोणत्या क्रमिक पुस्तकांतून आपल्या हायस्कुलापर्यंत पोचला कोण जाणे. आता पेनसिल्व्हेनियाच्या शेजारच्या राज्यात बसून माझी नात तो खोडत होती.

एसएटीत हल्ली जो स्वल्पविराम तपासतात तो रचनेचा. वाक्याचे सांधे कुठे आहेत एवढेच तो दाखवतो. वाचणारा थांबतो की धावतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

यातला सर्वांत देखणा नियम जोडीचा आहे. वाक्याच्या मध्ये जादा माहिती घुसली तर तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यायचा. पाळण्याच्या दोन दोऱ्यांसारखे ते काम आहे. एकच बांधली तर बाळ खाली. परीक्षेत हमखास एक दोरी उताऱ्यात आधीच बांधलेली असते आणि दुसरी कुठे बांधायची ते विचारतात. तपासायची युक्ती सोपी आहे. दोन चिन्हांमधला मजकूर झाकायचा आणि उरलेले वाक्य वाचायचे. ते उभे राहिले तर उत्तर बरोबर. आम्ही दोघी टेबलावर बसून बोटाने पडद्यावरचे शब्द झाकत होतो, पोरखेळ वाटावा असे, पण ते करताना इंग्रजी वाक्याचा सांगाडा मला पहिल्यांदा दिसला. चौतीस वर्षे शिकवून पहिल्यांदा, हेही सांगून टाकते.

मात्र माहिती जादा आहे की गरजेची, हे कोण ठरवणार? इथे स्वल्पविराम अर्थ बदलतो. ‘माझा भाऊ जो पुण्यात राहतो’ हे इंग्रजीत स्वल्पविराम न देता लिहिले, तर मला आणखी भाऊ आहेत आणि त्यांतल्या पुण्याच्या भावाबद्दल मी बोलते आहे. दोन स्वल्पविराम दिले तर रूढ समजुतीप्रमाणे मला भाऊ एकच, पुण्याचा उल्लेख जाता जाता केलेला. एवढ्याशा खुणेत घरातली माणसे मोजली जातात. आता मराठीत म्हणा : ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ.’ भाऊ किती? मराठी वाक्य काही बोलत नाही. ऐकणाऱ्याला आमचे घर माहीत असते, किंवा तो विचारतो.

नावांचेही तसेच. ‘कादंबरीकार टोनी मॉरिसन’ असे लिहिले तर स्वल्पविराम नको, कारण कादंबरीकार पुष्कळ आहेत आणि नाव काढले तर कोण ते कळत नाही. पण ‘साहित्याचे नोबेल मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री’ असे म्हटल्यावर ती जगात एकच आहे, आणि तिला ते १९९३ मध्ये मिळाले. मग टोनी मॉरिसन हे नाव दोन स्वल्पविरामांत बसते. नातीला हा नियम पटकन जमेना. मी तिला विचारले, ‘नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो का?’ तेव्हापासून तिचा तो प्रश्न सहसा चुकला नाही. माझ्या बाजूने मांडण्यासारखे यश एवढेच.

आता प्रश्न असा की आपल्याला हे सगळे इतके परके का वाटते. आपली जुनी मोडी पाहा. लेखणी फारशी न उचलता लिहायची, शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. (इथे ‘ध’चा ‘मा’ सांगायचा मोह प्रत्येक वक्त्याला होतो. मी आवरते.) पोथीत ओवी संपली की दंड आणि आकडा, बस्स. मराठी गद्याला ही इंग्रजी चिन्हे लावून देण्याचे मोठे काम मेजर थॉमस कँडींनी केले. मोल्सवर्थांच्या मराठी-इंग्रजी कोशात हातभार लावणारे तेच कँडी. विरामचिन्हे समजावणारी मराठी पुस्तिकाही त्यांचीच. म्हणजे आपला स्वल्पविराम वयाने दोनशे वर्षांचासुद्धा नाही.

त्याआधी मराठीचे अडले कुठे? फारसे नाही, कारण इंग्रजीत शब्दांची नातीगोती जागेवरून कळतात आणि मराठीत प्रत्ययावरून. ‘जेवून, हात धुऊन, पान खाऊन तो निघाला’ यातले दोन्ही स्वल्पविराम पुसून टाका, अर्थाला धक्का लागत नाही. प्रत्येक ‘ऊन’ स्वतःच सांधा दाखवतो. क्रियापद शेवटी येऊन दार लावते. मराठीत स्वल्पविराम बहुधा सोयीचा असतो, म्हणून तो श्वासावर सोडून भागते. इंग्रजीत तो पुष्कळदा भिंत पेलतो. सरांनी मराठी कानाने इंग्रजी वाक्य ऐकले. मीही तेच केले, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनीही. उलट बाजूची चूक रोज वर्तमानपत्रात दिसते : ‘मंत्री, जे काल दिल्लीत होते, ते’ अशी वाक्ये. ही दोन स्वल्पविरामांत घातलेली इंग्रजीची नक्कल आहे आणि मला ती दातात खडा आल्यासारखी लागते.

आणखी एक ठिकाण, जिथे मराठी माणूस हमखास सापडतो. ‘पाऊस आला, छत्री नव्हती, भिजले.’ मराठीत उत्तम वाक्य. एसएटीत मोठा गुन्हा. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नाहीत. एक तर पूर्णविराम द्या, किंवा अर्धविराम द्या, किंवा स्वल्पविरामाच्या जोडीला अँड, बट, सो अशांपैकी एखादे उभयान्वयी अव्यय आणा. अशी सात अव्यये आहेत आणि त्यांच्या आद्याक्षरांतून मुलांनी ‘फॅनबॉइज’ असा मंत्र केला आहे. ‘हाउएव्हर’ हा शब्द मात्र त्या सातांत नाही. तो दिसायला ‘बट’सारखा, वागायला वेगळा. दोन वाक्यांच्या मध्ये तो आला की त्याच्या आधी अर्धविराम लागतो आणि नंतर स्वल्पविराम. पण कधी कधी तो पहिल्याच वाक्याची शेपटी असतो. मग त्याच्या आधी स्वल्पविराम आणि नंतर अर्धविराम. हे कानाने कळत नाही. दोन्ही वाक्यांचा आणि त्यांच्याही आधीच्या वाक्याचा अर्थ पाहूनच ठरवावे लागते. परीक्षेतले हे प्रश्न मला खरोखर चांगले वाटले. चिन्ह ठेवायच्या आधी विचार कुठे वळला हे शोधावे लागते.

सगळेच असे नाहीत. सरावाच्या शिकवण्यांत मुलांना एक चलाखी सांगतात : दोन पर्यायांत फरक फक्त पूर्णविराम की अर्धविराम एवढाच असेल तर दोन्ही खोडा, कारण दोघांचे काम एकच, आणि बरोबर उत्तर एकच असू शकते. युक्ती बिनतोड आहे. तिचा भाषेशी काडीचा संबंध नाही. नात ही युक्ती वापरून चार सेकंदांत उत्तर द्यायची आणि वाक्य कशाबद्दल होते विचारले की खांदे उडवायची. त्या दिवसांत आमची बरीच भांडणे झाली.

ही शिकवण्यांची परंपराही जुनी. १९३८ मध्ये स्टॅन्ली कॅप्लन यांनी ब्रुकलिनला आईवडिलांच्या घराच्या तळघरात मुलांना शिकवायला सुरुवात केली, पुढे याच परीक्षेची तयारी करून घेऊ लागले, आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. परीक्षा घेणाऱ्यांचे कित्येक वर्षे म्हणणे होते की शिकवणीने फरक पडत नाही. त्यांना तसे म्हणणे भागच होते. पहिली एसएटी २३ जून १९२६ रोजी झाली, तेव्हा सुमारे आठ हजार मुलांना ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न घातले होते आणि त्यांतून उपजत बुद्धी मोजली जाते असा दावा होता. ती रचणारे कार्ल ब्रिगम प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९२३ मध्ये वंशावरून बुद्धीची प्रतवारी लावणारे पुस्तक लिहिले होते, आणि १९३० मध्ये आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. उपजत बुद्धी मोजायची असेल तर स्वल्पविराम कशाला विचाराल? तो तर शिकवून येतो. १९७४ मध्ये प्रमाण लिखित इंग्रजीची वेगळी छोटी चाचणी जोडली गेली, २००५ मध्ये लेखनाचा विभाग मुख्य परीक्षेत आला, आणि मधल्या काळात नावातला ‘उपजत क्षमता’ हा शब्दही गेला. आज एसएटी ही तीन अक्षरे कशाचेही संक्षिप्त रूप नाहीत. माझ्या मते स्वल्पविराम परीक्षेत शिरला तिथेच त्या जुन्या दाव्याला भोक पडले.

याची खात्री मला नातीच्या एका मैत्रिणीने पटवली. ती पोरगी बाराव्या वर्षी पेरूहून आली, घरी स्पॅनिश बोलतात. दोघी शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात बसून सराव करायच्या. शब्दार्थांत, उताऱ्यांच्या आकलनात माझी नात पुढे. जन्मापासून इंग्रजी कानावर आहे. स्वल्पविरामात मात्र ती मैत्रीण सरळ पुढे. नात वाक्य गुणगुणून ‘हे बरं वाटतं’ म्हणायची आणि चुकायची. मैत्रीण कर्ता शोधायची, क्रियापद शोधायची, मधले झाकायची आणि उत्तर द्यायची. तिच्याकडे भरवसा ठेवावा असा कानच नव्हता, म्हणून तिने नियम धरला होता. शिकवणीला पैसे नव्हते; खान अकादमीचा सराव फुकट मिळतो, तो तिने दोनदा संपवला होता.

तिच्याकडे बघताना मला आपण सगळे आठवलो. आपल्या घरी इंग्रजी नव्हते. श्वास कुठे घ्यायचा हे कळायला भाषा घरात असावी लागते, आणि सर आम्हाला तोच श्वास शिकवत होते, ज्यांच्याकडे तो असणे शक्य नव्हते त्या मुलांना. पट्टी वाजवून. आम्ही छापलेल्या स्वल्पविरामाशी बरोबर थांबत होतो, पण कोऱ्या कागदावर तो कुठे द्यायचा हे कळत नव्हते. कर्ता-क्रियापदाचा एक कोरडा नियम कोणी दिला असता तर आमची पुष्कळ लाल शाई वाचली असती. हे मी सरांवर रागाने म्हणत नाही. मलाही चौतीस वर्षे सुचले नाही.

परीक्षा एका बाबतीत शहाणी आहे : वादाच्या जागी ती पाऊल टाकत नाही. यादीतल्या शेवटच्या ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही यावर इंग्रजीत घराणी आहेत. या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. त्यावर परीक्षेत प्रश्न विचारत नाहीत. कोर्टाला मात्र ती सवलत नसते. मेन राज्यातल्या एका दुग्धव्यवसायाच्या ट्रकचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. कायद्यात ज्या कामांना जादा मोबदला लागू नव्हता त्यांची लांब यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पाठवणी किंवा वितरण यासाठी बांधणी’ की ‘पाठवणीसाठी बांधणी’ आणि ‘वितरण’ अशी दोन कामे, हे कळत नव्हते, कारण ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. चालक माल वाटत होते, बांधत नव्हते. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या राज्याच्या कायदे-लेखनाच्या नियमपुस्तिकेत तो स्वल्पविराम देऊ नये असेच लिहिले होते. नंतर विधिमंडळाने यादी दुरुस्त केली, तेव्हा स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम घातले. भांडण नको, सरळ दोन ठोके.

आणि कायद्यातले ते वाक्य मी आत्ता तुम्हाला मराठीत सांगताना माझी काय तारांबळ झाली, ऐकलेत ना? दोन अर्थ एका वाक्यात ठेवताच येईनात. ‘साठी’ कुठे लावायचा हे मराठीत आधीच ठरवावे लागते. तो खटला आपल्या भाषेत उभाच राहिला नसता. त्याऐवजी मला भाऊ किती, यावर राहिला असता.

नातीची परीक्षा मार्चच्या एका शनिवारी झाली. विरामचिन्हांचे सगळे प्रश्न बरोबर आले असावेत असे तिचे म्हणणे. गुण किती पडले हे सांगायची परवानगी तिने मला दिलेली नाही.

परत आल्यावर मी माळ्यावरून दहावीची निबंधाची वही काढली. सरांची लाल शाई अजून फिकी झालेली नाही. ‘माझ्या गावची नदी’ हा निबंध नव्या नियमाने तपासला, बोटाने शब्द झाकत. सरांनी त्यात नऊ स्वल्पविराम घातले आहेत. सात बरोबर. एक वादाचा, तो ऑक्सफर्डवाला. आणि एक चूक : ‘पावसाळ्यात आमच्या घराच्या पायरीपर्यंत येणारे ते गढूळ पाणी’ हा लांब कर्ता संपतो, तिथे क्रियापदाच्या आधी सरांनी ठसठशीत स्वल्पविराम दिला आहे आणि समासात लिहिले आहे, ‘इथे थांब.’ वही मी येताना आणली आहे. पान अकरावे. कोणाला पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी या. फक्त पाने जरा जपून उलटा, शिवण सुटली आहे.